काळा आलेला फोटो

महादेवप्पाच्या छातीचा पहिला फोटो निघाला तो एकोणीसशे शहात्तरच्या सप्टेंबरात. डॉक्टरांनी तो खिडकीसमोर धरला, अर्धा मिनिट पाहिला आणि पाकिटात घालून परत दिला. "उजवीकडे वर आहे. सुया सुरू करू. गोळ्या दीड वर्ष घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही," एवढंच ते म्हणाले. दाराबाहेर अजून पन्नास-साठ माणसं बसली होती.

महादेवप्पा गिरणीच्या पिंजण खात्यात वीस वर्षं होता. त्या खात्यात हवेतच कापूस असायचा आणि खोकला सगळ्यांनाच, म्हणून त्याच्या खोकल्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. वजन उतरायला लागलं, रोज संध्याकाळी अंगात कसर राहायला लागली, तेव्हा धाकट्या भावानं त्याला बळेच दवाखान्यात नेलं होतं.

हा धाकटा भाऊ पंचाक्षरी. सोलापुरातल्याच एका कॉलेजात तो पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होता. त्यांचे वडील होटगीला रेल्वेत गँगमन होते. ते गेले तेव्हा पंचाक्षरी सात वर्षांचा होता आणि महादेवप्पा एकोणीसचा. महादेवप्पा गिरणीत लागला आणि पंचाक्षरी शाळेत राहिला, आणि त्यावर दोघांत कधी बोलणं झालं नाही. आता महादेवप्पा बायको सुंदरम्मा आणि दोन मुलींसह बाळीवेशीत दोन खोल्यांत राहत होता. पंचाक्षरीची खोली कॉलेजजवळ होती, पण जेवायला तो रोज भावाकडे यायचा.

दवाखान्यातून आल्यावर महादेवप्पानं पाकिटातून फोटो काढला आणि दाराच्या उजेडात धरला.

"पंचा, हे पांढरं ढगासारखं, त्येच काय?"

"व्हय अण्णा, त्येच असंल."

"किती हाय? लई की थोडं?"

पंचाक्षरीला सांगता येईना. फासळ्या दिसत होत्या, हृदय दिसत होतं आणि गळ्याच्या हाडाखाली एक धुरकट डाग. पण लई की थोडं?

"डागदरानं सांगितलं न्हाय, तूबी सांगत न्हाईस," महादेवप्पा म्हणाला. "मंग एवढं शिकून कळतंय तरी काय रं तुला?"

तो हसत म्हणाला होता, पण पंचाक्षरीच्या मनात ते बसलं.

आदल्या उन्हाळ्यात तो पुण्याला तीन आठवडे कॉम्प्युटर शिकून आला होता. तिथं फोर्ट्रान नावाच्या भाषेत आज्ञा लिहायच्या, त्या कार्डांवर भोकं पाडून द्यायच्या आणि दोन दिवसांनी छापील कागद घ्यायचा. कॉलेजात परतल्यावर त्याचा उपयोग करायला काही नव्हतं. आता उपयोग सापडला. फोटोतला पांढरेपणा मोजायचा आणि त्याचा आकडा करायचा. आकडा आला की लई का थोडं, हे सांगता येईल.

दिवाळीच्या सुट्टीत त्यानं प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळा कागद लावला. काचेखाली दिवा ठेवला, काचेवर फोटो, फोटोवर टाचणीएवढं भोक असलेला काळा पुठ्ठा आणि त्यावर प्रकाशमापक. भोकातून जितका उजेड वर येई तितका काटा सरके. आडवी तीस घरं, उभी बेचाळीस. एकेका घरावर भोक आणायचं, काटा थांबायची वाट पाहायची, आकडा लिहायचा. विजेचा दाब खालीवर होई, म्हणून प्रत्येक ओळीनंतर तो मोकळी काच मोजून दिवा तेवढाच आहे ना हे पाहत होता. बाराशे साठ आकडे लिहायला नऊ दिवस गेले. दिव्याच्या बाबतीत त्यानं एवढी काळजी घेतली होती.

मग आज्ञा लिहिल्या. कल्पना सोपी होती. जिथं फोटो पांढरा तिथं जमीन उंच धरायची, जिथं काळा तिथं खोल. प्रत्येक ओळीची एक खालीवर होणारी रेघ काढायची, पुढची रेघ जराशी खाली सरकवायची आणि पुढच्या उंचवट्याआड मागची रेघ जाईल तेवढी छापायची नाही. म्हणजे कागदावर टेकड्या उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. रेघ ठिपक्यांची नव्हे तर आकड्यांची. शून्य म्हणजे तळ, नऊ म्हणजे माथा. तो आड जाणारा भाग लपवायची अट जमायलाच तीन आठवडे गेले. पहिल्या खेपेला एका कार्डावर स्वल्पविराम राहिला आणि पुण्याहून फक्त चूक दाखवणारी एक ओळ छापून आली. दुसऱ्या खेपेला, डिसेंबरात, कागद आला.

आकड्यांनी भरलेला तो लांबलचक कागद त्यानं बाळीवेशीत फरशीवर पसरला. महादेवप्पा भिंतीला टेकून बसला होता. गिरणीतून त्याला रजा होती. वीस वर्षं रिकामे न राहिलेले हात मांडीवर पडून होते.

"ह्याला रंग द्यायचा," पंचाक्षरी म्हणाला. "शून्य-एक निळा. दोन-तीन हिरवा. मंग पिवळा, नारिंगी. आठ-नऊ लाल."

"आन दे की पेन्सिली. मी देतो."

सुंदरम्मा चुलीपुढून म्हणाली, "पोरीच्या पेन्सिली संपवू नका हं. साळंत लागत्यात."

महादेवप्पानं चार दिवस रंग दिला. कापसाचा पेळू तपासावा तसा तो एकेक आकडा तपासत होता. रेघेबाहेर रंग गेला नाही. पाचव्या दिवशी कागद भिंतीला लावला आणि तिघंही लांब उभे राहून पाहायला लागले. निळ्या-हिरव्या जमिनीवर फासळ्या पिवळ्या पट्ट्यांसारख्या तिरप्या गेल्या होत्या. उजवीकडे वर लाल टेकडी होती.

"हे तर शिवार हाय," महादेवप्पा म्हणाला. "हे बांध. आन ही टेकडी." त्यानं टेकडीवर बोट ठेवलं. "एवढीच व्हय? मला वाटलं सगळंच खाल्लं असंल."

त्या दिवसापासून तो न कुरकुरता सुया घ्यायला लागला. गोळ्यांनी पोटात ढवळायचं, तोंडाची चव गेली होती, तरी घेत होता. शेजारची माणसं कागद पाहायला यायची आणि तो त्यांना टेकडी दाखवायचा.

मार्चमध्ये दुसरा फोटो काढला. दवाखान्यातलं यंत्र बंद होतं, म्हणून बाहेर दुसरीकडे काढून आणला. डॉक्टरांनी तो खिडकीसमोर धरला आणि तोंड वाकडं केलं.

"फोटो काळा आलाय. यावरून काही सांगता यायचं नाही. महिन्याभरानं परत काढा. गोळ्या चालू ठेवा."

पंचाक्षरी भावाबरोबर होता. त्यानं ते ऐकलं. पण त्याला वाटलं, डोळ्याला काळ्यातला फरक कळत नसेल, काट्याला कळतो. डॉक्टर अंदाजानं बोलतात, आपण मोजतो. हे तो कुणाला बोलला नाही, पण परत येताना त्याची चाल जरा वेगळी होती.

त्यानं पुन्हा बाराशे साठ आकडे घेतले. आज्ञा त्याच, कार्डं त्याच गठ्ठ्यातली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कागद आला. महादेवप्पानं दोन दिवसांतच रंगवला, कारण लाल द्यायला जागाच नव्हती. सगळीकडे निळं, हिरवं आणि टेकडीच्या जागी पिवळसर उंचवटा.

सुंदरम्मानं दोन्ही कागदांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. महादेवप्पानं भावाचा खांदा धरून हलवला. "गेली की रं टेकडी!"

पंचाक्षरीही रडला. तो दिवस त्याच्या आयुष्यातला फार चांगला दिवस होता, आणि पुढं त्याला तो आठवायचा धीर होत नसे.

त्या महिन्यातच महादेवप्पानं गोळ्या सोडल्या. "टेकडीच न्हाय तर गोळी कशापायी?" असं तो सुंदरम्माला म्हणाला. तिनं पंचाक्षरीला विचारलं. पंचाक्षरी म्हणाला, "डॉक्टरला विचारून सोडा अण्णा." पण त्यानं आग्रह धरला नाही. पोटातलं ढवळणं थांबलं, जेवण वाढलं आणि मे महिन्यात महादेवप्पा गिरणीत परत गेला. तिसऱ्या फोटोचं नावही कुणी काढलं नाही.

गिरणीत त्यानं सगळ्यांना सांगितलं. "माज्या भावाकडं मशीन हाय. छातीत काय हाय ते रंगात दावतंय." जूनपर्यंत पिंजण खात्यातल्या चौघांनी आपापले फोटो पंचाक्षरीकडे आणून दिले. त्यात मायाप्पा नावाचा एक उंच धनगर होता. मेंढरं विकून गिरणीत आलेला. त्यानं पाकिटातून दोन फोटो काढले.

"दोन कसले?" पंचाक्षरीनं विचारलं.

"एकाच सकाळी काढल्यात सर. पयला बिगडला म्हनं, मंग दुसरा काढला. चांगला कोंचा त्ये तुमी बगा."

एकवीस जून, मंगळवार. कॉलेज नुकतं उघडलं होतं. दुपारी प्रयोगशाळेत काळे कागद लावून पंचाक्षरीनं मायाप्पाच्या दोन्ही फोटोंची मधली एकच ओळ मोजली, सहज, कुठला वापरावा ते ठरवायला. तीस आकडे आणि तीस आकडे. आलेखाच्या कागदावर दोन रेघा काढल्या.

एक रेघ टेकड्यांची होती आणि दुसरी जवळपास सपाट. माणूस तोच, सकाळ तीच.

तो उठला, पुन्हा बसला. कपाटातून महादेवप्पाच्या आकड्यांच्या दोन्ही वह्या काढल्या आणि टेकडीकडे न बघता फासळ्यांचे आकडे शोधले. पहिल्या वहीत फासळी पाच होती. दुसऱ्या वहीत तीच फासळी दोन. बांधसुद्धा बसले होते. सहा महिन्यांत हाडं विरघळत नाहीत. फोटोच काळा होता. डॉक्टरांनी खिडकीपाशी अर्ध्या मिनिटात सांगितलं ते खरं होतं.

त्यानं तिथंच पाटीवर गणित केलं. फासळी दोन्हीकडे सारखी धरली, त्या मापानं बाकीचे आकडे वाढवले. उजवीकडची टेकडी पहिल्यापेक्षा मोठी निघाली. डावीकडे, जिथं आधी काही नव्हतं, तिथं एक नवी वर येत होती.

त्या संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे बाळीवेशीत जेवायला गेला. महादेवप्पा कामावरून येऊन अंघोळ करून बसला होता. "मायाप्पाचं काय निगालं?" त्यानं विचारलं.

"अजून मोजतोय," पंचाक्षरी म्हणाला.

पाटीवरचं गणित घाईचं असतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. एकदा चूक झाली, दुसऱ्यांदा चुकीचं सांगून माणसाला घाबरवायचं नाही. पुण्याला जाऊन नीट कागद काढू आणि मग सांगू. नवी आज्ञा लिहायला, कार्डांना भोकं पाडायला पाच दिवस गेले. पाचही दिवस तो जेवायला गेला. महादेवप्पा ताटावर खोकला की तो खाली बघायचा. रविवारी तो पुण्याच्या गाडीत बसला. तिथं मोठी रांग होती, शुक्रवारी संध्याकाळी कागद मिळाला. तो उघडून बघायचीही गरज नव्हती.

शनिवारी, दोन जुलैला, दुपारी तो स्टेशनवरून थेट बाळीवेशीत आला. दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, "सकाळी गिरणीतच रक्ताची उलटी झाली त्येंना. दवाखान्यात नेलंय."

खाटा भरल्या होत्या, म्हणून महादेवप्पाला व्हरांड्यात ठेवलं होतं. सुंदरम्मा पाणी आणायला गेली होती. महादेवप्पाच्या ओठांच्या कडेला तपकिरी डाग सुकला होता. त्यानं भावाच्या हातातली गुंडाळी पाहिली.

"कागद आनलास नव्हं? बघू."

"अण्णा, आधी ऐका." आणि पंचाक्षरीनं सांगितलं. दुसरा फोटो काळा होता, म्हणून सगळंच खाली आलं. टेकडी गेली नव्हती.

महादेवप्पानं गुंडाळीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला.

"म्हंजे हुतीच."

"हुती अण्णा."

"आन मी गोळ्या सोडल्या तवाबी."

"तवाबी हुती."

"डागदर म्हनला हुता की, काळा आलाय म्हनून." तो खोकला, थांबला. "मीबी ऐकलं हुतं त्ये. आपल्याला दोगांनाबी त्ये नको हुतं."

पंचाक्षरीला रडू आवरेना. महादेवप्पानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "मायाप्पाचं फोटू परत दे. चौगांचंबी दे. सांग त्यास्नी, माजा भाव चुकला म्हनून. कुनाला गोळी सोडू देऊ नगस. आजच जा."

ते चार पत्ते त्या संध्याकाळी फिरताना पंचाक्षरीला आयुष्यात पहिल्यांदा शरम म्हणजे काय ते कळलं. मायाप्पानं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोटो पत्र्याच्या पेटीत ठेवले. दुसऱ्याची बायको म्हणाली, "आमी तुमच्या भरवशावर हुतो की ओ." तिसरा घरी नव्हता, त्याच्या आईच्या हातात पाकीट दिलं आणि तिला काय समजलं ते कळलं नाही. चौथा, रुद्रप्पा, ऐकायलाच तयार नव्हता. तो दारातच पाकीट परत त्याच्या हातात कोंबत राहिला. "असूं द्या सर. थोडं चुकलं असंल मशीन. माजा काढाच तुमी." पंचाक्षरीनं पाकीट उंबऱ्यावर ठेवलं आणि तो निघून आला.

पुन्हा सुया सुरू झाल्या, पण आता त्या लागू पडत नव्हत्या. मधेच गोळ्या सोडल्या की असं होतं, डॉक्टर म्हणाले. पंचाक्षरीनं विचारलं, "अकरा दिवस आधी आणलं असतं तर?" डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "एप्रिलमध्ये आणायला हवं होतं. अकरा दिवसांचं मला सांगता येणार नाही." त्यांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, हो म्हटलं असतं तरी. सांगता येणार नाही, हे त्याला झोंबलं.

महादेवप्पा दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी गेला. घरी आणलेला होता. शेवटच्या आठवड्यात तो कानडीतच बोलायचा, लहानपणी होटगीत आईशी बोलायचा तसा, आणि पंचाक्षरीला "तम्मा", म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचा. स्वामी आले, कपाळाला भस्म लावलं, लिंगायतांच्या रीतीनं बसवून नेलं आणि बसवूनच खड्ड्यात ठेवलं. पंचाक्षरीनं मूठभर माती टाकली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की भावाचे खांदे मुलासारखे लहान झाले होते.

सुंदरम्मानं माहेरी, करकंबला जायचं ठरवलं. तिथं तिचा भाऊ होता, शेती होती, मुलींना शाळा होती. सामान बांधायला पंचाक्षरी आला. तिनं भिंतीवरचे दोन्ही कागद काढून घडी न घालता जमिनीवर ठेवले होते. ते कुणी घ्यायचे हा विषय दोघांनीही काढला नाही.

पातेली पोत्यात भरता भरता ती म्हणाली, "भावजी, एक इचारू?"

"इचारा वैनी."

"तुमाला कवा कळलं?"

खोटं सांगता आलं असतं. ती तारखा लिहून ठेवणारी बाई नव्हती.

"एकवीस जूनला. मंगळवारी."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मंगळवारी शेंगाची आमटी केली हुती. तुमी दोनदा मागून घेतली."

"व्हय वैनी."

"बुदवारी त्ये कामावर गेले. गुरुवारी गेले. मी डबा भरून दिला." ती पुन्हा पातेली भरायला लागली. "मला तरी सांगायचं हुतं."

पुरा पुरावा हातात आल्याशिवाय बोलू नये, हे तो पोरांना प्रयोगशाळेत रोज शिकवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ट्रंक आणि दोन पोती एसटीच्या टपावर चढवली. थोरली मुलगी खिडकीपाशी बसली, धाकटी आईच्या मांडीवर. गाडी सुटायला वेळ होता. पंचाक्षरी खिडकीखाली उभा राहिला, म्हणजे काही लागलं तर आणून देता येईल.

"पानी आनू का वैनी?"

"हाय."

"पोचल्यावर पत्र टाका."

तिनं मान हलवली, पण हो का नाही, ते कळलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुमी जावा आता. कालेजला उशीर हुईल."

तो गेला नाही. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी मागं आली, वळली. थोरलीनं हात हलवला. सुंदरम्मा समोर बघत होती. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर पंचाक्षरी कॉलेजकडे चालायला लागला. अकरा वाजता पहिल्या वर्षाचा प्रयोग होता, भिंगांचा, आणि तो पोचला तेव्हा पोरं दाराशी येऊन थांबली होती.